क्लेअर फॉय: आधी ‘वुल्फ हॉल’ की ‘द क्राउन’?

ब्रिटिश अभिनेत्री क्लेअर फॉयचं काम बघायला सुरुवात कुठून करायची, असं विचारलं की बहुतेक जण ‘द क्राउन’ सांगतात. मी ‘वुल्फ हॉल’ सांगेन. दोन्हीकडे ती इंग्लंडची राणीच आहे, पण एक राणी मनातलं सगळं बोलून टाकते आणि दुसरीला काहीच बोलायची मुभा नाही.

‘वुल्फ हॉल’ (बीबीसी, २०१५) सहाच भागांची. शनिवार-रविवारात बघून होते. मालिका लोहाराच्या घरातून राजाचा मंत्री झालेल्या टॉमस क्रॉमवेलची, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या मार्क रायलन्सची. फॉय त्यात आठव्या हेन्रीची दुसरी राणी, ॲन बोलीन. ॲन फ्रेंच दरबारात वाढलेली, त्यामुळे क्रॉमवेलला ती फ्रेंच ढंगात ‘क्रेम्युएल’ म्हणते. त्या एका हाकेत तिचा तोरा दिसतो आणि लोहाराच्या पोराला त्याची पायरीही दाखवली जाते. पुढे मुलगा होत नाही, राजाचं मन उडतं, तेव्हा तोच तोरा टिकवताना तिच्या डोळ्यांत भीती उतरत जाते. १५३६च्या मे महिन्यात तिचा शिरच्छेद झाला, हे आधीपासून माहीत असूनही शेवटचा भाग बघताना माझा घसा दाटून आला. अडचण एकच: पुष्कळ प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केलेत. मोबाइलवर बघू नका, खोलीत अंधार करून टीव्हीवर बघा.

‘द क्राउन’ दुसऱ्या एलिझाबेथ राणीची. त्यातले पहिले दोनच सीझन फॉयचे, एकूण २० भाग, तिसऱ्यापासून ऑलिव्हिया कोलमन येते. इंग्लंडचा इतिहास फारसा ठाऊक नसेल तर ही सोपी पडते. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसून बघता येते. फक्त बंद दाराआडचे संवाद लेखकाच्या कल्पनेतले आहेत, हे लक्षात ठेवा. चर्चिलने आपला पक्षाघाताचा झटका राणीपासून लपवला म्हणून ती त्याला समोर बोलावून खडसावते, तो पहिल्या सीझनमधला प्रसंग जरूर बघा. आवाज चढत नाही, पण समोरचा म्हातारा शाळकरी मुलासारखा उभा राहतो. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब आणि एमी हे पुरस्कार मिळाले. आणि तरीही मानधन राणीच्या नवऱ्याची भूमिका करणाऱ्या मॅट स्मिथला जास्त होतं, हे २०१८मध्ये बाहेर आलं. मला ते आजही खुपतं.

डिकन्स आवडत असेल तर मात्र दोन्ही बाजूला ठेवा आणि २००८ची ‘लिटल डॉरिट’ लावा. कर्जबुडव्यांच्या तुरुंगात जन्मलेली, बापाला जपणारी एमी डॉरिट फॉयने किती हळुवार उभी केलीय! भाग १४ आहेत, पण बरेचसे अर्ध्या तासाचे. रोज जेवणानंतर एक बघता येतो.