शेंद्री लावताना: बी पेरावं की फांदी लावावी?

शेंद्री म्हणजे जिच्या बियांपासून स्वयंपाकाच्या तेलाला आणि कापडाला लाल-नारिंगी रंग देता येतो ते झाड. ती लावायचं ठरतं, पण रोप बियांपासून करावं की फांदीपासून, इथे बरेच जण अडतात. मी दोन्ही करून पाहिलंय.

बियांचं काम सोपं. बी ताजं हवं, एवढंच. बोंडातून काढून रात्रभर भिजवलेलं बी माझ्याकडे दहाएक दिवसांत वर आलं. वर्षभर डब्यात पडून असलेल्या बियांतली मात्र निम्मीसुद्धा रुजली नाहीत. रोप सरळ वाढतं, मूळ खोल जातं, वाऱ्यापावसाची काळजी नसते. फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, तेवढं थांबायची तयारी हवी.

मी थांबलो. तिसऱ्या वर्षी झाड गुलाबी फुलांनी भरलं, मग काटेरी लाल बोंडं लगडली. ती सुकून तडकायला लागली तशी एक अंगठ्याने उकललं, बिया ओल्या तळहातावर चोळल्या आणि हातावर जेमतेम फिकट नारिंगी डाग उरला. ज्या झाडाचं बी आणलं होतं, त्याच्या चार बियांनी तळहात लालभडक व्हायचा, साबणानेही लवकर जायचा नाही. फुलांवर मधमाशा फिरतात, पराग कुठून कुठे जातो सांगता येत नाही, त्यामुळे रोप आईवर जाईलच असं नाही. सगळा रंग, म्हणजे बिक्सिन, बीवरच्या पातळ लेपात असतो. बोंड बाहेरून लाल आहे म्हणून आतही रंग भरपूर असेल असं मी धरून चाललो होतो. तीन वर्षं खतपाणी घातल्यावर ते चूक ठरलं, हे मला फार लागलं.

रंग कमी असला की पुढचं सगळंच बिघडतं. तेलात बिया दुप्पट घालाव्या लागतात, तरी हवा तसा रंग उतरत नाही, मग आच वाढवली जाते आणि तेल तपकिरी, कडवट होतं. कापडाचंही तेच. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बिया उकळल्या तरी रेशमावर नुसती पिवळट झाक येते. (शेंद्रीचा रंग मुळातच उन्हात उडतो, कापड सावलीतच वाळवा.)

फांदीचं तसं नाही. त्याच आईच्या झाडाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची पाच छाट कलमं लावली, सावलीत ओली ठेवली, दोनच जगली. त्यातलं एक दुसऱ्या वर्षी कमरेएवढं असतानाच फुललं आणि बिया अगदी आईसारख्या निघाल्या. खोट एकच: सोटमूळ नसतं. पहिल्याच जोराच्या पावसात झाड कललं, काठीचा आधार द्यावा लागला.

जागा मोठी असेल, आठ-दहा रोपं वाढवता येत असतील, तर बियांना माझी ना नाही. त्यातूनच एखादं उत्तम झाड हाती लागतं. एक-दोनच झाडं लावायची असतील, तर मी फांदीकडे झुकेन. फक्त ती मागायला बोंडं तडकायच्या दिवसांत जा, आधी त्या झाडाच्या बिया तळहातावर चोळा आणि रंग पसंत पडला तरच कात्री काढा.