स्कापा फ्लो की टोबरमोरी?

तारकर्लीत डायव्हिंग शिकलात आणि आता थंड पाण्यातली बुडालेली जहाजं खुणावतायत? मग स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांतलं स्कापा फ्लो आणि कॅनडातल्या ह्युरॉन सरोवरावरचं टोबरमोरी, ही दोन नावं कानावर येणारच.

नकाशा बघून फसू नका. स्कापा कितीतरी उत्तरेला, पण गारठा टोबरमोरीचा जास्त. स्कापाचं पाणी उन्हाळ्यात १२-१३ अंशांपर्यंत जातं. टोबरमोरीत वरचं पाणी बरं असतं, खोल गेलात की ४-५ अंश! रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी पोचवणारं यंत्र) गोठून हवा भसाभसा सुटण्याची भीती तिथेच जास्त, म्हणून थंड पाण्यासाठी बनवलेलाच घ्या. जाड हातमोज्यांत बीसीडीचं (हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटाचं) बटणसुद्धा चाचपडावं लागतं.

स्कापाचा इतिहास मात्र दांडगा. २१ जून १९१९ ला अ‍ॅडमिरल फॉन रॉयटरने पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या नजरकैदेत असलेलं आपलंच जर्मन आरमार बुडवलं. ७४ पैकी ५२ जहाजं तळाला गेली. बहुतेक पुढे भंगारात निघाली, पण तीन मोठ्या युद्धनौका आणि चार क्रूझर (त्याहून हलक्या लढाऊ नौका) अजून तिथे आहेत. युद्धनौका उलट्या पडल्यात. तोफा-चिलखताचं ओझं वरच्या अंगाला, मग दुसरं काय होणार! त्यामुळे ४० मीटरच्या आसपास उतरून आधी दिसतं ते गंजलेलं बूड. तोफा बघायच्या तर खाली अंधारात डोकवावं लागतं. मला विचाराल तर कुशीवर पडलेली क्रूझर कोल्न बघा. ३६ मीटरवर आहे, पण जहाज पाहिल्यासारखं वाटतं.

टोबरमोरीत लाकडी जहाजं. गोड्या पाण्यात जहाज पोखरणारा किडा नाही, म्हणून १८८५ मध्ये बुडालेली स्वीपस्टेक्स ही शिडाची बोट जेमतेम ६-७ मीटरवर ओळखू येईल अशी शाबूत आहे. अरेबिया हे जहाज ३६ मीटरवर, पुढच्या टोकाशी नांगर तसेच! ती नवख्यांसाठी नाही. गोडं पाणी, म्हणून खाली जाण्यासाठी कमरेला बांधायचं शिसं दोन-तीन किलोंनी कमी करा. उतरण्याआधी पार्क्स कॅनडाकडे नोंदणी लागते. टोरोंटोकरांना गाडीने चारेक तास. ऑर्कनीला स्क्रॅब्स्टरहून दीड तासाची फेरीबोट, तीही स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला पोचल्यावर.

तारकर्लीनंतर थेट स्कापा नको. आधी टोबरमोरीच्या उथळ जहाजांवर ड्रायसूटची (आत पाणी न शिरणाऱ्या पोशाखाची) सवय करा, दहाएक डाइव्ह तरी. मग स्कापा. तिथे रॉयल ओक या ब्रिटिश युद्धनौकेवर जाता येईल का, हे मात्र बोटवाल्याला विचारू नका. १९३९ मध्ये आठशेहून अधिक माणसं घेऊन ती बुडाली. तिथे उतरायला बंदी आहे.