ब्लॉक हीटर की डिझेलवर चालणारा हीटर?
थंडीत ट्रकचं इंजिन गरम ठेवायला यातलं काय बसवू असं विचारलंयस ना भाऊ, तर आधी गाडी रात्री कुठे उभी राहते ते बघ, कारण ब्लॉक हीटरला विजेचा प्लग लागतोच. हजार-दीड हजार वॅटचा असतो, कूलंट (इंजिनमध्ये फिरणारं पाणी) गरम करतो, निघायच्या 3-4 तास आधी लावला की बास, रात्रभर वीज जाळायची गरज नाही. स्वस्त आहे, बिघडण्यासारखं फार काही नाही, वायर तेवढी तपासत जा.

डिझेलवाला टाकीतलंच डिझेल जाळतो, 5 किलोवॅटचा असेल तर फुल लोडला तासाला अर्धा-पाऊण लिटर, रात्रभर आयडलिंगपेक्षा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्यापेक्षा, खूपच कमी. पण महाग, फिटिंग किचकट, बर्नरला काजळी धरते आणि पंप-पंखा बॅटरीवर चालतो म्हणजे बॅटरी बसली की हाही बसला. त्याचा धूर केबिनमध्ये येता कामा नये, इथे हयगय अजिबात नको, जिवाशी गाठ आहे.

आणि चालत्या गाडीतच इंजिनच्या तापमानाचा काटा वर येत नसेल तर आधी थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) उघड्या स्थितीतच अडकलाय का ते बघ.

रोज एकाच डेपोत परतत असशील तर ब्लॉक हीटर घे, रात्री हायवेवर कुठेही थांबावं लागत असेल तर डिझेलवालाच.