रविवारची सुट्टी की रोजचा एक तास?

बारावी आणि जेईई एकत्र ओढणाऱ्या हुशार मुलांच्या घरी हा वाद हमखास होतो: आठवड्यातून एक दिवस पुस्तकं बंद, की रोज संध्याकाळी तासभर?

रविवारची सुट्टी ऐकायला छान. पण क्लासच्या टेस्ट बहुधा रविवारीच असतात, आणि कायम पहिल्या येणाऱ्या मुलीला रिकामा दिवस खायला उठतो. सिंहगडावर समोर पिठलं-भाकरी, आणि ही मनात राहिलेली गणितं मोजतेय! मग सोमवारी रात्री जागून ती सुट्टी व्याजासकट फेडते.

रोजचा तास निभतो. सहाला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून उठायचं, वह्या तिथेच ठेवून पर्वती चढायची. शंभरावर पायऱ्या आहेत. दम लागला की डोक्यातली ऑरगॅनिक केमिस्ट्री आपोआप गप्प बसते. घरच्यांनी मात्र "किती वाजले?" विचारायचं नाही (कुणाला जमतं म्हणा). आणि हा तास झोपेतून कापायचा नाही. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते. कापायचीच तर जादाची टेस्ट सिरीज कापा.

माझं मत रोजच्या तासाला. अपवाद जेईई मेनच्या जानेवारी सत्रानंतरचा: तेव्हा दोन-तीन दिवस सलग सुट्टी द्या. एप्रिलचं सत्र असतंच, आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात.

झोप उडाली, जेवण तुटलं, सारखं रडू येतंय, तर दोन्ही पर्याय तोकडे. 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.