गार्मिन ईट्रेक्स २२एक्स: जंगलगस्तीला कितपत पुरतो?

हातात मोबाइल असताना गस्तीला वेगळा जीपीएस कशाला, हा प्रश्न हमखास येतो. व्याघ्र प्रकल्पांत गस्तीची नोंद एम-स्ट्राइप्स या वनविभागाच्या गस्त-नोंद प्रणालीच्या ॲपवर होते आणि ती तशीच व्हायला हवी. पण मेळघाटातल्या आतल्या संरक्षण कुटीवर वीज म्हणजे छतावरचं सोलर पॅनल, आणि आषाढ-श्रावणात तेही नावापुरतंच. मोबाइलची बॅटरी संपली की गस्तीची नोंदही तिथेच तुटते. गार्मिन कंपनीचा ईट्रेक्स २२एक्स हा हातात धरायचा जीपीएस एए आकाराच्या दोन सेलवर चालतो, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात बसतात तेच. कंपनी एका जोडीवर २५ तास सांगते. बॅकलाइट सतत चालू ठेवला तर हा आकडा विसरायचा, पण खिशात दुसरी जोडी ठेवली की दोन दिवसांच्या मुक्कामी गस्तीला काळजी नाही. त्यात हा पाण्याला टिकतो (आयपीएक्स७, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास), सेलसकट वजन १४२ ग्रॅम आणि बटणं घामेजल्या, चिखलाच्या बोटांनीही दाबता येतात. वनरक्षकाच्या कामासाठी या घडीला याच गटातलं यंत्र घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पडदा मात्र लहान आहे. २.२ इंचांवर अख्खी बीट (एका वनरक्षकाकडचं क्षेत्र) एका नजरेत बसत नाही. भर उन्हात तो मोबाइलपेक्षा चांगला दिसतो, दाट सावलीत मात्र डोळे ताणावे लागतात. समोरची छोटी काडी अंगठ्याने फिरवून अक्षरं निवडायची, त्यामुळे प्रत्येक पॉइंटला नाव देणं वेळखाऊ ठरतं. त्यापेक्षा यंत्राने दिलेला क्रमांक तसाच ठेवावा आणि 'क्र. ०४७, कक्ष अमुक, पाणवठा कोरडा' असं डायरीत लिहावं.

यंत्राबद्दलच्या बहुतेक तक्रारी खरं तर सेटिंगच्या असतात. सगळ्यात महाग पडणारी गडबड अक्षांश-रेखांशाच्या मांडणीत होते. यंत्र मुळात अंश आणि दशांश मिनिटं दाखवतं. पडद्यावर २०°१५.५००' असेल आणि पंचनाम्यात कोणी ते २०.१५५०० अंश म्हणून उतरवलं, तर खरी किंमत २०.२५८३३ अंश असल्याने जागा सुमारे साडेअकरा किलोमीटर दक्षिणेला सरकते. गुन्हा दुसऱ्याच परिक्षेत्रात जाऊन पडतो आणि बचाव पक्षाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. सेटअपमध्ये 'पोझिशन फॉरमॅट'ला जाऊन दशांश अंश निवडावेत आणि परिक्षेत्रातल्या सगळ्या यंत्रांवर तेच ठेवावं. त्याच पानावर 'मॅप डेटम' (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो) असतं, ते डब्ल्यूजीएस ८४ हवं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत. तिथले आकडे थेट यंत्रात टाकले तर हद्दीची खूण शेजारच्या नाल्यात दिसते. यूटीएम (अंशांऐवजी मीटरमध्ये जागा सांगणारी, पृथ्वीचे उभे पट्टे म्हणजे झोन पाडणारी पद्धत) वापरणाऱ्यांनी आणखी एक भान ठेवावं: ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३ आणि पूर्वेला ४४. मेळघाट ४३ मध्ये, ताडोबा ४४ मध्ये. ही रेषा यवतमाळ जिल्ह्यातून जाते, त्यामुळे तिथे आकड्यांसोबत झोन लिहिलाच पाहिजे.

ट्रॅकची, म्हणजे चाललेल्या वाटेची, नोंद १०,००० बिंदूंची आहे. दर सेकंदाला एक बिंदू ठेवला तर ती पावणेतीन तासांत भरते. दर १० सेकंदांनी ठेवला तर जवळपास २८ तास पुरते आणि पायी गस्तीला तेवढी बारकाई भरपूर झाली. 'रेकॉर्ड मेथड' वेळेवर, अंतर १० सेकंद आणि 'ऑटो आर्काइव्ह' रोजचं, असं एकदा लावून टाकावं. मग प्रत्येक दिवसाची फाइल वेगळी मिळते आणि महिन्याच्या शेवटी गुंता सोडवत बसावं लागत नाही.

वेळेचा एक खाचखळगा फारसा कोणी सांगत नाही. पडद्यावर भारतीय वेळ दिसते, पण यंत्र ट्रॅक ज्या जीपीएक्स फाइलमध्ये साठवतं तिच्या पोटात जागतिक वेळ असते, साडेपाच तास मागची. १० तारखेला पहाटे चारला केलेली गस्त फाइलमध्ये ९ तारखेला रात्री साडेदहाची दिसते. ट्रॅक पुरावा म्हणून जोडताना ही गोष्ट अहवालात लिहून ठेवावी, नाहीतर ड्युटीची नोंद आणि फाइल यांची तारीख जुळत नाही.

रोपवन, अतिक्रमण किंवा वणव्यात जळालेलं क्षेत्र मोजायला 'एरिया कॅल्क्युलेशन' आहे. स्टार्ट दाबायचं, कडेने चालायचं, सुरुवातीच्या जागी परत आलं की कॅल्क्युलेट दाबायचं आणि एकक हेक्टर करायचं. मोठ्या क्षेत्राला हे उत्तम. एक हेक्टरच्या चौकोनाची परिमिती मात्र ४०० मीटर असते. चारही बाजूंना ५ मीटर बाहेरून रेघ पडली तर सुमारे २,००० चौरस मीटर, म्हणजे २० टक्के क्षेत्र फुगतं. प्रत्यक्षात चूक इतकी एकाच दिशेने जात नाही, तरी एक हेक्टरच्या आतल्या अतिक्रमणाला टेपच लावावी.

झाडीखाली काय होतं? सागवानाच्या जंगलात एप्रिल-मेमध्ये पानं गळालेली असतात, तेव्हा यंत्र छान पकडतं. त्याच जागी ऑगस्टमध्ये चूक वाढते. उपग्रहाकडून येणारा संदेश ओल्या, दाट छत्रातून अशक्त होतो आणि घळीत तो कड्यावर आपटून उशिरा पोहोचतो, त्यामुळे जागा उडी मारते. यंत्र पोटाजवळच्या पाऊचमध्ये कोंबू नये, बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्यावर वर आकाशाकडे तोंड करून लावावं. हद्दीच्या खुणेसारखा कायमचा बिंदू घ्यायचा असेल तर वेपॉइंटच्या (नोंदवलेल्या जागेच्या) मेनूतलं 'ॲव्हरेज लोकेशन' वापरावं. कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे चार ते आठ नमुने घ्यायचे आणि दोन नमुन्यांत किमान ९० मिनिटांचं अंतर ठेवायचं. एका जागी उभं राहून पाठोपाठ आठ वेळा बटण दाबल्याने काही साधत नाही, कारण उपग्रहांची मांडणी तोवर बदललेली नसते. कोयना-चांदोलीच्या सदाहरित रानात आणि खोल दऱ्यांत रोजचं काम असेल, तर उंच अँटेनाचा जीपीएसमॅप ६४ बरा. पण तो २६० ग्रॅमचा आहे आणि सेल १६ तासच पुरतात.

याच मालिकेतला ३२एक्स घ्यावा का? त्यात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आहे. २२एक्समध्ये होकायंत्र नाही, त्यामुळे उभं राहिलं की बाण भरकटतो आणि चार पावलं चालल्यावर दिशा धरतो. ३२एक्सचं होकायंत्र सेल बदलल्यावर पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, आणि ते न करता चालणाऱ्याला बाण ठामपणे चुकीची दिशा दाखवतो. वनरक्षकासाठी २२एक्स आणि खिशात साधं होकायंत्र, हीच जोडी मला जास्त भरवशाची वाटते. जुन्या ईट्रेक्स १० मध्ये नकाशा भरता येत नाही. २२एक्समध्ये स्कॅन केलेला बीटचा नकाशा गूगल अर्थमध्ये जागेवर बसवून केएमझी फाइल (गूगल अर्थची नकाशा-फाइल) करून टाकता येतो. चित्र जेपीईजीच हवं आणि १०२४ बाय १०२४ पिक्सेलच्या तुकड्यांत कापलेलं, नाहीतर गावांची नावंसुद्धा पुसट होतात. बीटच्या हद्दीच्या रेघेची केएमएल फाइल (हीही गूगल अर्थचीच) मात्र यंत्र वाचत नाही, ती जीपीएक्स करून घ्यावी.

सेलचा प्रकार मेनूत बदलायला विसरू नका. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात. सेटिंग अल्कलाइनवर राहिलं तर यंत्र ते अर्धे संपलेले समजतं. यूएसबीचं भोक मागच्या बाजूला रबरी झाकणाखाली आहे. झाकण उघडं राहिलं तर पाणी तिथूनच शिरतं, आणि केबल जुन्या मिनी-यूएसबी घडणीची लागते, मोबाइलची बसत नाही. परिक्षेत्र कार्यालयासाठी अशा दोन केबल यंत्रासोबतच मागवाव्यात. यंत्र महिनाभर पेटीत राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत, कारण दमट हवेत गळलेला सेल आतल्या पत्र्या खाऊन टाकतो.