आयुष्याचा उद्देश शोधायचाय तर आधी काय वाचायचं? मोटिव्हेशनल पुस्तक, 40 दिवसांचं पुस्तक, चरित्र की थेट शुभवर्तमान

आमच्याकडे नंदुरबार-नवापूर पट्ट्यातल्या चर्चच्या मंडळीत तरुण पोरं-पोरी उपासना संपली की मागे थांबतात आणि एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात, दादा देवाने मला नेमकं कशासाठी बनवलंय, आणि ते कळायला कोणतं पुस्तक वाचू. कोणी स्पर्धा परीक्षा देऊन देऊन थकलेलं असतं, कोणी सुरतला कामाला जाऊन परत आलेलं, एखादी ताई लग्न होऊन धुळ्याला गेलीय आणि दिवसभर घरात एकटी असते. सगळ्यांना एकच उत्तर देऊन चालत नाही म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्याला घाई आहे त्याचं काम होईल. मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या आयुष्याचं छोटं पुस्तक, आधी, ते पण एकट्याने नाही तर कोणा एकाबरोबर, आणि सोबतीला एखादं चरित्र. 40 दिवसांचं पुस्तक (रोज एक पाठ वाचायचं) नंतर, ग्रुप असेल तर. मोटिव्हेशनल पुस्तकं वाचा, पण वेगळ्या कामासाठी वाचा. आता का ते बघू.

मोटिव्हेशनल पुस्तकांना मी नावं ठेवणार नाही कारण ती खरंच उपयोगी पडतात. पहाटे उठायची सवय, मोबाईल बाजूला ठेवणं, अभ्यासाचं टाइमटेबल, महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकणं, या गोष्टी ती चांगल्या शिकवतात आणि पोरं खरंच सुधारतात. पण ही पुस्तकं सुरू होतात तुमच्यापासून आणि संपतात पण तुमच्यावरच. तुझं स्वप्न, तुझं ध्येय, तुझी ताकद, सगळं तुझ्या आतच आहे ते शोध. आता ज्याच्या कापसाला ऐन वेचणीत पाऊस लागलाय किंवा ज्याचं केळीचं पीक वादळात आडवं झालंय तो माणूस आत बघतो तेव्हा त्याला तिथे फक्त दमलेपणा दिसतो, आणि वरून पुस्तक सांगतं की यश मिळालं नाही म्हणजे तूच कमी पडलास. हे ओझं मी चांगल्या चांगल्या पोरांच्या अंगावर बघितलंय. म्हणजे कसं जगायचं याला ही पुस्तकं कामाची, कशासाठी जगायचं हा प्रश्न मात्र ती परत तुमच्याच हातात देतात.

यातला एक अपवाद सांगायलाच हवा तो म्हणजे व्हिक्टर फ्रँकल. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ, ज्यू, नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत राहिलेले, त्यांचं पुस्तक (इंग्रजी नाव 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग') 1946 साली आलं आणि मराठीतही मिळतं. ते ख्रिस्ती पुस्तक नाही. पण ते प्रश्नच उलटा करतात, मला आयुष्याकडून काय हवंय हे सोडा, आयुष्य आत्ता माझ्याकडून काय मागतंय ते बघा. ज्याचं विश्वासाशी अजून जमत नाही पण ज्याला पोकळ बोलणंही नकोय त्याने दहा मोटिव्हेशनल पुस्तकांऐवजी हे एक वाचावं.

आता 40 दिवसांचं पुस्तक. अमेरिकेतले पाळक (चर्चचे धर्मगुरू) रिक वॉरन यांचं 2002 सालचं 'द पर्पज ड्रिव्हन लाइफ' हे पुस्तक जगभर चर्चमध्ये फिरलं, रोज एक छोटा पाठ, 40 दिवस, आणि पाच उद्देश: देवाची उपासना, एकमेकांची संगती, ख्रिस्तासारखं होत जाणं, सेवा आणि सुवार्ता. मोटिव्हेशनल पुस्तकाच्या शेजारी ठेवलं तर पहिला फरक पहिल्याच पानावर दिसतो, कारण हे सुरुवातीलाच सांगतं की विषय तू नाहीसच, देवापासून सुरू कर. ज्यांना शिस्त लागत नाही त्यांना रोजच्या छोट्या पाठाचा खूप फायदा होतो आणि ग्रुपमध्ये तर सगळे एकाच पाठावर असतात त्यामुळे बोलणं सोपं जातं. मला यात दोन गोष्टी कमी वाटतात. एक म्हणजे बायबलची वचनं वेगवेगळ्या भाषांतरांतून तुकड्या तुकड्याने घेतलीत, त्यामुळे आधी बायबल न वाचलेल्याला ते वचन कोणी कोणाला कधी म्हटलं ते कळत नाही. दुसरं म्हणजे उदाहरणं तिकडच्या मोठ्या शहरी चर्चची, आणि आपल्याकडे चाळीस माणसांच्या मंडळीत जिथे अर्धी माणसं सीझनला ऊसतोडीला जातात तिथे "तुमची सेवा निवडा" म्हणजे काय ते आपल्यालाच बसून ठरवावं लागतं. ठरवता येतं, पण सोबत लागते. एकट्याने वाचणारे बरेच जण दहा-बारा पाठांनंतर सोडून देतात असा माझा अनुभव आहे.

थेट शुभवर्तमान घेतलं तर काय वेगळं होतं ते एका अध्यायावरून दाखवतो, मार्क 10. त्यात याकोब आणि योहान हे जब्दीचे मुलगे येशूकडे येतात आणि म्हणतात आम्ही जे मागू ते तू आमच्यासाठी करावंस. येशू विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? ते मागतात खुर्ची, तुझ्या वैभवात एक उजवीकडे आणि एक डावीकडे. बाकीचे दहा जण चिडतात, आणि तिथे येशू सांगतो की मानवाचा पुत्र, म्हणजे तो स्वतः, सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव द्यायला आलाय. आता पुढे वाचा. लगेच यरीहोच्या रस्त्यावर आंधळा भिकारी बार्तीमय ओरडतोय, लोक त्याला गप्प बस म्हणतायत, येशू थांबतो, त्याला बोलवा म्हणतो, आणि त्यालाही तोच प्रश्न विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? तो मागतो दृष्टी. अंगावरचं पांघरूण टाकून उठलेला असतो तो, भिकाऱ्याकडे असून असून काय असतं, तेच एक. दृष्टी मिळते, येशू त्याला जा म्हणतो, तर हा घरी न जाता त्याच्या मागे त्याच रस्त्याने चालायला लागतो, आणि तो रस्ता यरुशलेमकडे म्हणजे येशूच्या वधस्तंभाकडे, क्रुसाकडे जातो.

एकच प्रश्न, दोन मागण्या. आमच्या ग्रुपमध्ये हा भाग वाचला की मी काही शिकवत नाही, फक्त प्रत्येकाने विचार करायचा की येशूने हा प्रश्न आज मला विचारला तर माझ्या तोंडून आधी काय निघेल, खुर्ची की दृष्टी. एकदा एक मुलगा, खूप हुशार, परीक्षेत थोडक्यात राहिलेला, तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला मी इतकी वर्षं उद्देश उद्देश म्हणून खुर्चीच मागतोय. कोणत्याही मोटिव्हेशनल पुस्तकाने त्याला तिथवर नेलं नव्हतं, त्याने ती बरीच वाचलेली होती.

तोटाही सांगतो. शुभवर्तमान तुम्हाला "तुझा उद्देश हा" असं एका ओळीत काढून देत नाही, पाच पायऱ्या नाहीत, चेकलिस्ट नाही. तयार उत्तर हवं असेल तर पहिल्या आठवड्यात निराश व्हाल. पण मार्काचे अध्याय फक्त 16 आहेत, एका बैठकीत मोठ्याने वाचलं तरी दीड-दोन तासांत होतं, म्हणजे वेळ नाही हे कारण इथे चालत नाही. आणि ज्याला सगळं करून पण काही अर्थ वाटत नाही, नोकरी आहे घर आहे तरी रिकामं वाटतं, त्याने मार्काआधी बायबलमधलंच उपदेशक हे पुस्तक वाचलं तरी चालेल, 12 अध्याय, आणि तो लेखक धन, काम, शहाणपण सगळं करून बघून व्यर्थ म्हणतो, उगाच धीर देत नाही.

चरित्रांवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्या मराठीत हा खजिना आहे आणि आपलीच पोरं परदेशी पुस्तकं शोधत फिरतात. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे घ्या. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि या बाईचा संसार मोडून पडला, काही वर्षं दोघं वेगळे राहिले, मग ती नवऱ्याकडे आली, जातीपातीचं सोवळं तिने स्वतःच विचार करून सोडलं आणि पुढे 1900 साली स्वतःही ख्रिस्ती झाली. कोणी ओढत नेलं म्हणून नाही. पुस्तकात कुठेही उद्देश या विषयावर भाषण नाही, स्वयंपाक आहे, भांडणं आहेत, अनाथ मुलं घरात आणणं आहे, पैसे संपणं आहे, आणि ती इतकं मोकळं लिहिते की पानागणिक हसू येतं. वाचून झाल्यावर मात्र कळतं की बोलावणं हे असं रोजच्या घरकामातून येतं. त्या धुळ्याच्या ताईला मी हेच पुस्तक दिलं, 40 दिवसांचं नाही.

दुसरं पंडिता रमाबाईंचं चरित्र. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, लवकर वैधव्य आलं, आणि पुढे 1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे त्यांचा आश्रम, त्यातून उभं राहिलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं आणि 1922 साली मरण येईपर्यंत त्यावर काम केलं. ज्या दुःखाने माणूस कडू झाला असता त्याच दुःखाकडे त्या परत गेल्या, दुसऱ्यांना बाहेर काढायला. ज्याच्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्याला माझ्या मते हे चरित्र प्रवचनापेक्षा जास्त देतं. चरित्राचा धोका एकच, वाचताना माणूस भारावतो आणि मग आपलं आयुष्य फार छोटं वाटायला लागतं, म्हणून ते शुभवर्तमानाबरोबर वाचा, त्याच्या जागी नाही.

व्हॉट्सअॅपवर रोज येणारी वचनं पण लोक वाचन म्हणून धरतात. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातलं 29:11 तर सगळ्यांनी बघितलंय, गुलाबाच्या फोटोवर, देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत, भविष्य आणि आशा. वचन खरं आहे, मनाला धीर देतं. पण त्याच्या वरच्या ओळी उघडून बघा. हे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या एका पत्रातलं आहे, ते पत्र बाबेलला (बाबिलोनला) कैद करून नेलेल्या यहूदी लोकांना आहे, आणि देव त्यांना सांगतो की सुटायला 70 वर्षं लागतील, तोवर तिथेच घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सुरतच्या खोलीत पाच-सहा जणांबरोबर राहणाऱ्या आपल्या पोराला ही पूर्ण गोष्ट सांगून बघा. फोटोवरच्या एका ओळीने त्याला वाटतं लवकरच काहीतरी भारी होणार, आणि पूर्ण अध्यायाने कळतं की परक्या शहरातलं आजचं काम पण देवाच्या नजरेत आहे.

एकट्याने की सोबत, यावर मी ठाम आहे. आपल्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती बसून लिहून घेतली म्हणून आज ती आपल्यापर्यंत आहेत. एक बोलतो, बाकीचे ऐकतात, कोणीतरी लिहून ठेवतो, अशाने वाचलेलं टिकतं. याच विनोबांनी पुढे ख्रिस्तधर्मसार, म्हणजे येशूच्या शिकवणीचं सार, पण तयार केलं, म्हणजे शुभवर्तमान वाचायला ख्रिस्ती असावंच लागतं असं नाही. घरचे दुसऱ्या धर्माचे असतील तर लपूनछपून वाचू नका, काय वाचताय ते सांगून वाचा, आणि वाचलंत म्हणजे लगेच बाप्तिस्मा घ्या असं कोणी मागे लागलं तर स्पष्ट नाही म्हणा. लक्ष्मीबाईंनी पण वर्षं घेतली होती.

भाषांतराचं म्हणाल तर जुन्या भाषांतरातलं पवित्र शास्त्र (बायबल) कानाला गोड लागतं पण अहिराणी किंवा भिली घरात बोलणाऱ्याला पहिल्या वाचनात जड जातं, त्याने सोप्या मराठीतलं घ्यावं, मोबाईलवर अॅपमध्ये फुकट आहे, ऑडिओ पण आहे. मावचीत (आमच्याकडची एक भिल्ल बोली) नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, आहे, आजीला ऐकवायचं असेल तर तोच लावा, तिला मराठीपेक्षा तो जवळचा वाटेल.

आणि एक गोष्ट वाचनाच्या बाहेरची. झोपच लागत नाही, जेवण जात नाही, जगूच नये असे विचार येतात, अशा वेळी माझा उद्देश काय हा प्रश्न वाचून सोडवायला बसू नका, तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. सरकारचा मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानस नंबर 14416 आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पाळकांना सांगा, प्रार्थना घ्या, आणि डॉक्टरकडेही जा, तिन्ही एकत्र चालतं. आमच्याकडे चिंचपाड्याला ख्रिस्ती दवाखानाच आहे, तिथे प्रार्थना आणि औषध एकमेकांच्या आड येत नाहीत.

बाकी ज्यांना या आठवड्यातच सुरू करायचंय त्यांनी एक माणूस गाठा, नवरा, बहीण, मित्र, मंडळीतले एखादे काका, कोणीही, आणि दोघांनी मिळून मार्काचा एकेक अध्याय मोठ्याने वाचा. दहाव्या अध्यायाला पोचलात की तो प्रश्न एकमेकांना विचारा आणि उत्तर वहीत लिहा, तारीख टाकून.