निरोप आला, पैसे आलेच नाहीत

एन8एन या कामं आपोआप करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पेमेंट झालं’ असा वेबहुक (ठरलेल्या वेब पत्त्यावर आपोआप येणारा निरोप) येतो, वर्कफ्लो (आखून ठेवलेली कामांची साखळी) चालतो, गिऱ्हाइकाला लायसन्स की ईमेलने जाते. एक्झिक्युशनच्या, म्हणजे वर्कफ्लो चालल्याच्या नोंदींच्या, यादीत सगळं हिरवं. महिनाअखेरीस गेटवेशी (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेशी) हिशेब जुळवताना कळतं, की त्या ऑर्डरचा रुपयाही जमा झालेला नाही. तो निरोप गेटवेने पाठवलाच नव्हता.

यात हॅकिंग म्हणावं असं फारसं काही नसतं. एन8एनच्या वेबहुक नोडमध्ये (वर्कफ्लोच्या निरोप घेणाऱ्या टप्प्यात) ऑथेंटिकेशनची (पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची) मूळ सेटिंग ‘नन’, म्हणजे काहीच नाही, अशी असते. वेबहुकच्या पत्त्यात लांबलचक यादृच्छिक अक्षरं असतात, म्हणून लोक त्यालाच पासवर्ड समजून निर्धास्त राहतात. पण तो पत्ता मदतीसाठी टाकलेल्या स्क्रीनशॉटमधून, शेअर केलेल्या वर्कफ्लोच्या जेसन (माहिती लिहिण्याची एक मांडणी) फाइलमधून, प्रॉक्सीच्या (मधल्या सर्व्हरच्या) लॉगमधून सहज बाहेर पडतो. मग गेटवेच्या डॉक्युमेंटेशनमधला नमुना इव्हेंट (अशा निरोपाचा मजकूर) उचलायचा, ऑर्डर क्रमांक बदलायचा आणि कर्ल या कमांडची एक ओळ चालवून तो पाठवायचा. झालं!

उपाय सही तपासण्याचा. पाठवणारा गुप्त की वापरून मजकुराचा एचमॅक-एसएचए256 (की आणि मजकूर यांवरून निघणारा ठसा, हीच सही) काढतो आणि हेडरमध्ये (मजकुरासोबत जाणाऱ्या माहितीत) घालतो. उदाहरणार्थ, कोड साठवणाऱ्या गिटहबचं हेडर ‘एक्स-हब-सिग्नेचर-256’. आपणही तोच हिशेब करून ताडून पाहायचा. बहुतेक जण अडतात ते इथेच: नोड आलेला मजकूर जेसन म्हणून उलगडतो, आपण तो पुन्हा स्ट्रिंग करतो, एखादी स्पेस इकडची तिकडे होते आणि खरी सहीसुद्धा खोटी ठरते. वैतागून तपासणीच बंद केली जाते. त्याऐवजी नोडमधली ‘रॉ बॉडी’ (मजकूर आला तसाच ठेवणारी सेटिंग) चालू करा आणि सही मूळ बाइट्सवरच काढा.

सही तपासली तरी खरा इव्हेंट पकडून तोच पुन्हा पाठवता येतो. स्ट्राइप हे गेटवे सहीत वेळ घालतं आणि त्याच्या लायब्ररी 5 मिनिटांपेक्षा जुना निरोप नाकारतात. शिवाय इव्हेंट आयडी साठवा, दुसऱ्यांदा आला तर काही करू नका. माल सोडण्याआधी पेमेंट आयडी घेऊन गेटवेच्या एपीआयला (प्रोग्रामने थेट विचारणा करायच्या सोयीला) स्थिती, रक्कम आणि ऑर्डर क्रमांक विचारा. निरोपातल्या रकमेवर विसंबू नका.

खुद्द सॉफ्टवेअरही जुनं ठेवू नका. सीव्हीई-2026-21858 (सीव्हीई म्हणजे सुरक्षा दोषांची सार्वजनिक यादी) या एन8एनमधल्या दोषात फॉर्मच्या वेबहुकवर कंटेंट-टाइप (आलेला मजकूर कोणत्या प्रकारचा, ते) नीट तपासला जात नव्हता, त्यामुळे लॉगिनशिवाय सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत. दुरुस्ती एन8एनच्या 1.121.0 आवृत्तीत आली.

फसवणूक झालीच असेल, तर आधी पत्ता आणि गुप्त की दोन्ही बदला. एक्झिक्युशन डेटा आपोआप पुसला जाण्याआधी उतरवून घ्या आणि त्यातला प्रत्येक पेमेंट आयडी गेटवेच्या यादीत शोधा. जो तिथे सापडत नाही, त्याची लायसन्स की त्याच दिवशी रद्द करा.